चिन्हामागचा निर्णय : पायथनमधील ऑपरेटरांविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी संगणकाच्या भाषेतील अधिक-उणे चिन्हांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अशा व्यासपीठावरून इतिहास, समाज, साहित्य यांवर बोलण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु पायथन ही आज अनेक मुलांची पहिली संगणकभाषा आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात ती शिकवली जाते आणि वाणिज्य किंवा भूगोल शिकणाऱ्यालाही ती यावीशी वाटते. या शिक्षणाच्या अगदी सुरुवातीला ऑपरेटरांचा तक्ता येतो : बेरजेला +, वजाबाकीला -, गुणाकाराला *, भागाकाराला /, बाकीसाठी %, घातासाठी **, तुलनेसाठी ==, < आणि >. तक्ता फळ्यावर लिहिला जातो, मुले तो उतरवून घेतात आणि तासिका संपते. हे तर आपण प्राथमिक शाळेतच शिकलो, अशी शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याचीही समजूत असते. मला या समजुतीशी वाद घालायचा आहे. माझे म्हणणे असे की प्रत्येक ऑपरेटर हा कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने घेतलेला निर्णय आहे, आणि तो कारणासह शिकवला तरच नवशिक्याला भाषा कळते. शब्दाचे स्पेलिंग चुकले किंवा कंस पुरा करायचा राहिला, तर पायथन जागच्या जागी थांबतो आणि चुकलेली ओळ दाखवतो. ऑपरेटरचा अर्थ मनाशी चुकीचा धरला, तर प्रोग्रॅम बहुधा सुरळीत चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. म्हणून या सर्वांत सोप्या वाटणाऱ्या भागाकडेच सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे.

या चिन्हांचे अर्थ मुळातच ठरलेले आहेत असे आपल्याला वाटते, कारण ती आपण फार लहान वयात शिकतो. इतिहास वेगळे सांगतो. + आणि - ही चिन्हे छापील पुस्तकात प्रथम आली ती १४८९ साली, योहानेस विडमन याच्या लाइपझिगला छापलेल्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात. बरोबरीचे चिन्ह १५५७ साली वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्ड याने सुचवले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या एकसारख्या दुसऱ्या कोणत्या गोष्टी असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. उलट, १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेल्या आणि आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेल्या भूर्जपत्रांवरच्या हस्तलिखितात संख्येपुढे + सारखी फुली दिसली, तर ती संख्या ऋण समजायची असते. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. चिन्ह कोणतेही असो, त्याला अर्थ येतो तो वापरणाऱ्यांच्या करारातून.

चिन्हापेक्षाही क्रियेच्या कडेला काय होते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि आपल्या गणितींनी तो फार पूर्वी ओळखला होता. ११५० सालच्या लीलावतीत भास्कराचार्य आधी परिकर्माष्टक देतात : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ. तेवढ्यावर न थांबता शून्यासाठी ते याच आठ क्रिया पुन्हा स्वतंत्रपणे मांडतात. शून्य आले की नेहमीचा नियम पुरत नाही, तिथे काय धरायचे ते वेगळे सांगावे लागते, हे त्यांना माहीत होते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे ठरवले होते. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर असे नाव दिले आणि ती अनंत मानली. आजही या प्रश्नावर सर्व भाषांचे एकमत नाही. जावास्क्रिप्टमध्ये एकाला शून्याने भागले तर उत्तर अनंत येते. पायथन मात्र उत्तर द्यायलाच नकार देतो आणि चूक नोंदवून थांबतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. ज्या प्रदेशात क्रियांचे नियम शिकवण्यासाठी मठ काढले गेले, तिथे आपण ते एका तासिकेत उरकावेत हे मला पटत नाही.

आता पायथनकडे येऊ. अॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. त्याच संस्थेत आधी एबीसी नावाची भाषा तयार झाली होती. ती प्रोग्रॅमर नसलेल्या माणसासाठी होती आणि तिचा पायथनवर मोठा प्रभाव पडला. व्यावसायिकांसाठी मात्र त्या काळी सी या भाषेचा दबदबा होता आणि पायथनने तिच्याकडूनही बरेच उचलले. या दोन वारशांची ओढाताण ऑपरेटरांत स्पष्ट दिसते. (व्याख्यानाच्या या छापील पाठात अंक देवनागरीत आहेत. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलला वय किंवा शहर असे देवनागरी नाव देता येते, पण प्रोग्रॅममध्ये थेट लिहायच्या संख्यांसाठी इंग्रजी अंकच लागतात.)

सर्वांत बोलके उदाहरण भागाकाराचे आहे. सात भागिले दोन किती? पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ७ / २ याचे उत्तर ३ येई, आणि ७.० / २ याचे ३.५. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले तर उत्तरही पूर्णांकच, हा सी भाषेतला रिवाज होता. सीमध्ये तो निभावून जातो, कारण तिथे कोणत्या व्हेरिएबलमध्ये कोणत्या प्रकारची संख्या राहील हे आधी जाहीर करावे लागते. पायथनमध्ये तसे जाहीर करायची सक्ती नाही. समजा, दोन संख्यांची सरासरी काढणारी एक ओळ लिहिली : बेरीज करून दोनने भागायचे. तिला ३.० आणि ४.० दिले तर ३.५ मिळणार, आणि ३ आणि ४ दिले तर ३. ओळ तीच, गणित तेच, आणि उत्तर बदलते ते केवळ संख्या कशी लिहिली होती यावर. विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही. २००१ साली मोशे झाडका आणि व्हान रॉसम यांनी पेप २३८ या प्रस्तावात हा दोष मान्य केला आणि भागाकाराचे दोन ऑपरेटर वेगळे केले : / म्हणजे खरा भागाकार, आणि // म्हणजे खाली उतरवून पूर्णांकात दिलेला भागाकार. // हे चिन्ह त्याच वर्षी २.२ या आवृत्तीत आले, पण / चा अर्थ बदलायला २००८ च्या डिसेंबरातली तिसरी आवृत्ती यावी लागली, आणि दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ थांबला तो १ जानेवारी २०२० रोजी. एका तिरप्या रेघेचा अर्थ सुधारायला असा जवळजवळ दोन दशकांचा काळ लागला. त्याआधी लिहिलेले प्रोग्रॅम जुन्या अर्थावर विसंबून होते, आणि अर्थ अचानक बदलला असता तर तेही गुपचूप चुकीची उत्तरे देऊ लागले असते.

// हा ऑपरेटर शिकवताना बहुतेक वेळा ‘दशांश भाग टाकून देतो’ असे सांगितले जाते. हे सांगणे चुकीचे आहे. ७ // २ याचे उत्तर ३ येते, तोवर ते खरे भासते. -७ // २ याचे उत्तर मात्र -४ येते. दशांश भाग टाकला असता तर -३.५ चे -३ झाले असते, आणि सीमध्ये तसेच होते. मग पायथनने -४ का निवडले? याचे उत्तर मराठी शाळेत भागाकाराचा ताळा करायला शिकलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत आहे : भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. त्यासोबत आणखी एक नियम आपण शिकतो, बाकी भाजकापेक्षा लहान असावी आणि ऋण नसावी. आता -७ ला २ ने भागू. भागाकार -३ धरला तर ताळा जमण्यासाठी बाकी -१ धरावी लागते. भागाकार -४ धरला तर बाकी १ येते. ताळा दोन्हीकडे जमतो, पण बाकीविषयीचा शाळेतला नियम दुसऱ्याच मांडणीत पाळला जातो. पायथनने ती मांडणी घेतली. भाजक धन असला की % ने मिळणारी बाकी तिथे कधीही ऋण येत नाही.

यावर कुणी म्हणेल की ऋण संख्येला भागण्याची वेळ नवशिक्यावर येते तरी कधी? ती फार लवकर येते. वारांना रविवारी शून्य असे धरून क्रमांक दिले, तर बुधवार ३ होतो. बुधवारच्या पाच दिवस आधी कोणता वार होता, हे काढायला ३ मधून ५ वजा करून सातने भागलेली बाकी घ्यायची. पायथन -२ % ७ चे उत्तर ५ देतो, म्हणजे शुक्रवार, आणि ते बरोबर आहे. सी भाषा -२ देते आणि त्या क्रमांकाचा वारच नाही. घड्याळ, दिनदर्शिका, वर्तुळात बसलेल्या खेळाडूंची पाळी, अशा फिरून त्याच जागी येणाऱ्या प्रत्येक मोजणीत हा प्रश्न येतो, आणि नवशिक्यांना दिले जाणारे कितीतरी सराव याच प्रकारचे असतात. // आणि % ही जोडी एकत्रच शिकवावी, असे मला यावरून ठामपणे वाटते. शंभर रुपये तिघांत वाटायचे तर त्यांचे १०००० पैसे करावेत : १०००० // ३ म्हणजे प्रत्येकी ३३३३ आणि १०००० % ३ म्हणजे उरलेला १. पैसा हरवला नाही आणि वाढलाही नाही. पुस्तकात ही दोन चिन्हे तक्त्याच्या दोन वेगळ्या ओळींत पडतात आणि त्यांचे नाते सांगायचे राहून जाते.

क्रियांच्या क्रमाबाबतही असेच घडते. कंचेभागुबेव हे सूत्र आपण सगळे पाठ करतो : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र उपयोगाचे आहे, पण ते अक्षरशः घेऊन पायथनमध्ये आलेला विद्यार्थी फसतो. १० - ४ + ३ याचे उत्तर ९ आहे. बेरीज वजाबाकीच्या आधी, असे सूत्राच्या अक्षरांवरून धरले तर ३ येते. २ * ७ // २ याचे उत्तर ७ आहे, पण भागाकार आधी केला तर ६ येते. पायथनमध्ये गुणाकार आणि दोन्ही भागाकार एका पायरीवर आहेत, बेरीज-वजाबाकी त्याखालच्या एका पायरीवर, आणि एकाच पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे होतात. घात याला अपवाद आहे : २ ** ३ ** २ मध्ये उजवा घात आधी होतो, म्हणून उत्तर ६४ न येता ५१२ येते. -३ ** २ याचे उत्तर -९ येते, कारण घात ऋण चिन्हाच्या आधी होतो. एक्सेलमध्ये हीच मांडणी त्याच्या घातचिन्हाने लिहिली तर उत्तर ९ येते. एकाच संगणकावरचे दोन प्रोग्रॅम एकाच राशीची दोन उत्तरे देतात आणि दोघेही आपापल्या नियमाने बरोबर असतात. हे पाहिल्यावर विद्यार्थ्याला कंसाचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

बरोबरीच्या चिन्हाची गोष्ट अधिक खोल आहे, कारण इथे बीजगणिताची सवय थेट आडवी येते. क = क + १ हे समीकरण म्हणून अशक्य आहे. प्रोग्रॅममध्ये मात्र ही रोजची ओळ असते, आणि तिचा अर्थ उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या नावाला द्या असा आहे. रेकॉर्डच्या दोन रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचता येतात, पण ही आज्ञा एकाच दिशेने वाचायची आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएममध्ये तयार केलेल्या १९५७ सालच्या फोरट्रानने = हे चिन्ह किंमत देण्याच्या कामाला लावले. अल्गोल आणि पुढे निक्लाउस वर्थ यांची पास्कल या भाषांनी त्यासाठी := असे वेगळे चिन्ह घेतले आणि = हे तुलनेसाठी राखले. माझ्या मते शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच निर्णय अधिक चांगला होता. पण सी ने फोरट्रानचा रस्ता धरला, तुलनेसाठी == घेतले, आणि पायथनही त्याच रस्त्याने गेला. मात्र एक दुरुस्ती करून. सीमध्ये अट तपासताना == ऐवजी चुकून = लिहिले, तर अट तपासण्याऐवजी किंमतच बदलते आणि काम पुढे चालू राहते. पायथनमध्ये इफ या शब्दाच्या अटीत एकटे = आले, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. नवशिक्याचे रक्षण करणारी ही लहानशी भिंत विचारपूर्वक घातलेली आहे. तिच्यात एक दार ठेवावे का, म्हणजे अटीच्या आत किंमत देण्यासाठी := हे चिन्ह आणावे का, यावर २०१८ साली इतका तीव्र वाद झाला की प्रस्ताव स्वीकारल्यानंतर त्याच जुलैत व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णय घेण्याच्या आपल्या भूमिकेतून निवृत्ती जाहीर केली. ते चिन्ह पुढच्या वर्षी ३.८ या आवृत्तीत आले. ऑपरेटर ही किरकोळ बाब आहे असे मानणाऱ्यांनी एवढी एक घटना लक्षात घ्यावी.

== विषयी आणखी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगावी. ०.१ + ०.२ == ०.३ असे विचारले तर पायथन खोटे असे उत्तर देतो, आणि बेरीज छापायला सांगितली तर ०.३०००००००००००००००४ दाखवतो. यात + चा दोष नाही. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही, म्हणून संगणक त्याच्या जवळात जवळची संख्या ठेवतो. रुपयांचा हिशेब पैशांत, पूर्णांकात करावा, हे त्यातून निघते.

तुलना आणि तर्काच्या ऑपरेटरांत पायथन कधी माणसाच्या बोलण्याच्या फार जवळ येतो आणि कधी अनपेक्षितपणे दूर जातो. १८ <= वय <= ६० असे गणिताच्या वहीतल्यासारखे लिहिले, तर पायथन त्याचा अर्थ आपल्याला हवा तसाच घेतो. सीमध्ये पहिल्या तुलनेचे उत्तर ० किंवा १ येते, मग त्या ० किंवा १ ची ६० शी तुलना होते, आणि अट कोणत्याही वयाला खरी ठरते. इथे पायथनने वाचणाऱ्याची बाजू घेतली. पण शहर == "पुणे" ऑर "नाशिक" असे लिहिणारा विद्यार्थी फसतो. आपण बोलताना शहर पुणे किंवा नाशिक असेल तर असे म्हणतो, आणि ऐकणारा ते बरोबर समजतो. पायथन मात्र ऑर च्या दोन बाजू वेगळ्या धरतो : एक, शहर पुणे आहे का, दुसरी, नुसते "नाशिक". रिकामी नसलेली अक्षरमाला तिथे खरी मानली जाते, म्हणून सोलापूरलाही अट लागू होते. या चुकीवर कोणतीही सूचना येऊन प्रोग्रॅम थांबत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना लिहावी, किंवा इन हा ऑपरेटर वापरून यादीत शोधावे, हे कारणासह सांगितले की चूक पुन्हा होत नाही.

एकच चिन्ह दोन कामे करते तेव्हाही असाच निर्णय घ्यावा लागतो. "२" + "३" याचे उत्तर पायथनमध्ये "२३" आहे, कारण अवतरणचिन्हांत ठेवल्यावर ती अक्षरे होतात आणि + त्यांना जोडतो. "२" + ३ लिहिले तर पायथन नकार देतो. जावास्क्रिप्ट तिथे अंदाज बांधते आणि "२३" देते. पहिल्या दिवशी पायथनचा नकार विद्यार्थ्याला जाचतो, पण मला तो मोलाचा वाटतो. तुझ्या मनात बेरीज होती की जोडणी, हे तूच सांग, असे भाषा त्याला विचारते.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो अनुभवी शिक्षकांकडूनच येतो. नवशिक्याला आधी काहीतरी करून पाहू द्यावे, चालणारा प्रोग्रॅम पाहून त्याला उत्साह येतो. कारणांचा इतिहास सांगत बसलात तर तो पळून जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. बिटांवर चालणारे ऑपरेटर किंवा इज आणि == यांतला भेद पहिल्या महिन्यात शिकवण्याची काही गरज नाही. आज मी सांगितलेला इतिहास वर्गात सांगावा, असाही माझा आग्रह नाही. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक ऑपरेटरबरोबर एक उदाहरण असे द्यावे जिथे ओळखीचा अर्थ पुरत नाही, विद्यार्थ्याला उत्तर आधी कागदावर लिहायला लावावे, मग यंत्राला विचारावे, आणि फरक पडला तर तो का पडला यावर बोलावे. हेही करून पाहणेच आहे. ज्याचा अंदाज चुकला तो कारण ऐकायला तयार असतो. उत्साह मावळतो तो प्रोग्रॅम चालूनही उत्तर का चुकते हे कळेनासे झाल्यावर.

दुसरा आक्षेप नवा आहे : आता प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते, मग चिन्हांचा इतका विचार कशाला? उलट, लिहिण्याचे श्रम कमी झाले तर वाचण्याची जबाबदारी वाढते. दुसऱ्याने लिहिलेली पन्नास ओळींची आज्ञावली तपासताना डोळा शब्दांवर थांबतो आणि चिन्हांवरून घसरतो. / आणि //, < आणि <= यांतला फरक एका अक्षराचा आहे, आणि पगारपत्रक, प्रवेशयादी किंवा औषधाची मात्रा त्यावर ठरू शकते. तो फरक ओळखणारा माणूस तयार करणे हे शिक्षणाचेच काम राहणार आहे.

कुणी असेही म्हणेल की हे सारे एका भाषेचे नियम आहेत, उद्या भाषा बदलली की ते निकामी होतील. नुसते नियम पाठ केले असतील तर होतीलही. पण -७ // २ चे -४ का होते, हे ज्याला भाज्य-भाजकाच्या ताळ्यावरून कळले आहे, तो नव्या भाषेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारेल की इथे बाकीचे चिन्ह कशावरून ठरते. हा प्रश्न विचारता येणे हे त्याचे खरे शिक्षण आहे, आणि ते कोणत्याही भाषेत त्याच्याबरोबर जाते.

मराठीतून पायथन शिकवणाऱ्या आणि त्याची पुस्तके लिहिणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. ऑपरेटरांसाठी एकाऐवजी चार तासिका द्या. // आणि % एकत्र शिकवा, आणि ते शिकवताना मुलांना आधीच येणारा भागाकाराचा ताळा वापरा. कंचेभागुबेव कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही, हे फळ्यावर सोडवून दाखवा. आणि परीक्षेत ‘ऑपरेटरांचे प्रकार लिहा’ हा प्रश्न विचारणे बंद करून, एक राशी द्या, उत्तर लिहायला सांगा आणि त्या उत्तराचे कारण विचारा. गुणांपैकी निम्मे गुण कारणाला ठेवा.